डाव्या पायाची नाडी

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माझी सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली. त्यामुळे यंत्राची आणि माणसाची साक्ष जुळली नाही, तर मी आधी माणसाला मूर्ख ठरवतो. या वेळी तो माणूस मी होतो.

माझी पोटातली महाधमनी फुगली होती. ती फुटू नये म्हणून डॉक्टरांनी जांघेतून आत स्टेंटची नळी बसवली; लेंग्यासारखी, खाली दोन पाय असलेली. घरी रोज पावलावर बोट ठेवून नाडी बघायची, एवढंच काम माझ्याकडे होतं आणि ते मी इमानेइतबारे करत होतो. नाडी छान लागायची. पण या उन्हाळ्यातल्या तपासणीत स्कॅनने दाखवलं, की नळीचा डावा पाय रक्ताच्या गुठळीने पार बुजलाय.

"पाऊल गरम कसं काय?" डॉ. दिग्विजय पुन्हा पुन्हा हात लावून बघत म्हणाले. "काका, असेना का. गुठळी काढावीच लागेल. उशीर केलात तर पाय जाईल. सोमवारी भरती व्हा."

घरी येऊन खिडकीशी बसलो. एक हात गळ्यावर, एक डाव्या पावलावर. दोन्हीकडचे ठोके जुळेनात. गळ्याशी सगळं संथ आणि पावलात नुसती धावपळ. तेवढ्यात माझी बायको शकू भाजीची पिशवी घेऊन, जिने चढून, धापा टाकत आत आली. ती खुर्चीत टेकली आणि तिचा दम खाली बसला, तसतसं माझं पाऊलही शांत होत गेलं.

"कोथिंबीर राहिली वाटतं," मी म्हणालो.

"मघाशी तोंडाला कुलूप होतं का?" असं म्हणत ती पुन्हा खाली गेली.

ती जिने चढून वर येताना माझ्या बोटाखाली पाऊल धडधडत होतं. मी जागचा हललोही नव्हतो.

"जरा हात दे."

"आता? या वयात?" ती हसली.

तिच्या मनगटावर काही लागेना. मानेपाशीही लागेना. हात नेहमीसारखाच होता, ओलसर, कोथिंबिरीचा वास येणारा.

शकू हसायची थांबली.

"लागत नाही ना? मला माहितेय. तुम्ही ऑपरेशन करून घ्या. पाय वाचेल."

"आणि तू?"

ती कोथिंबीर निवडायला बसली.

मला भीती वाटली. ऑपरेशनच्या टेबलावरही इतकी वाटली नव्हती. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर कोणाचं काय कोणाच्या अंगात उतरतं, ते मोजायचं माप आमच्या कारखान्यात नव्हतं. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, मी येत नाही. त्यांनी खूप समजावलं, मग चिडले. त्यांच्या जागी मीही म्हाताऱ्याला वेड्यात काढलं असतं.

आज सकाळी डावा अंगठा निळसर दिसला. बोट ठेवलं. नाडी होती, पण खोल, अडखळत चाललेली.

शकूला दिसू नये म्हणून मी घाईने मोजा चढवला. बाहेर ऊन रणरणत होतं.

"अहो," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेवढा पंखा बंद करा ना. थंडी वाजतेय."

पंखा लावलेलाच नव्हता.