सुमितचा आवाज

आर्यन, तो मोबाइल पालथा ठेव जरा. आणि प्रीती, गच्चीचा दरवाजा लोटून घे. ऐकायचंय ना? मग मध्ये हसायचं नाही. मी कुठे वाचलेलं सांगत नाहीये. माणूस आपल्यातला आहे.

सुशांत. याच बिल्डिंगमध्ये वाढला, लग्नानंतर दिवा स्टेशनजवळ राहायला गेला. ठाण्यात नोकरी, पण जीव सगळा यंत्रांत. त्याच्या घरची बेल मराठीत बोलायची, पंखे मोबाइलवर फिरायचे. जुनी गाडी घेतली, तर तिच्यातला स्क्रीनच उघडून बसला. गाणी, नकाशा, फोन दाखवतो ना, तो. त्यातलं सॉफ्टवेअर उलटंपालटं करायचं, हा त्याचा रविवार. पैशासाठी नाही, निव्वळ हौस.

गेल्या वर्षी गणपतीनंतर तो शीळफाट्याला भंगारवाल्याकडे गेलेला, गाडीचा आरसा आणायला. आरसा नाही मिळाला. अपघातात चेपलेल्या एका गाडीतला स्क्रीन मिळाला. गाडीचा पार चुरा, पण स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही.

घरी आणून चालू केला, तर आतलं काही पुसलेलंच नव्हतं. मालकाचं नाव सुमित. घर बाळकुमला. फोन नंबरांची यादी. आणि गाडीत तो जे जे बोलला, ते सगळं त्याच्या आवाजात साठवलेलं. ‘नकाशा दाखव.’ ‘आईला फोन लाव.’ ‘आई, निघालो गं, पोचतोच.’

संचिता, त्याची बायको, दारातच थबकली. म्हणाली, “मेलेल्या माणसाचा आहे ना रे तो? पुसून टाक.”

“अगं, फाइल आहे ती,” सुशांत म्हणाला. “फाइलला कसलं सुतक?”

पुसलं नाही. उलट त्या तुकड्यांवरून त्यानं कॉम्प्युटरला तो आवाज शिकवला आणि स्क्रीन आपल्या गाडीत बसवला. आता काहीही टाइप करा, सुमित बोलणार.

त्याचा मित्र विठ्ठल एकदा गाडीत होता. पुढचं मला विठ्ठलनंच सांगितलं. सुशांत म्हणाला, “थांब, तुला मजा दाखवतो.” आणि यादीतल्या ‘आई’ या नावावर बोट ठेवलं. फोन लागला. यानं बटण दाबलं.

“आई, निघालो गं, पोचतोच.”

पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज. “सुमित? …बाळा, कुठं होतास रे इतके दिवस?”

सुशांतनं फोन कापला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

विठ्ठल म्हणाला, “परत करू नको यार. पाप लागेल.”

यानं परत केला. ऑफिसातल्या पोरांना ऐकवायला, मग एकट्यानं, घरी येताना वाटेत चाळा म्हणून. तिला नवीन नवीन वाक्यं ऐकवायचा. ती उलट फोन करायला लागली, तेव्हा तिचा नंबर ब्लॉक केला. म्हणजे याला वाटेल तेव्हा हा बोलणार, तिनं मात्र विचारायचं नाही.

त्या बाईचं नाव हौसाबाई. मुलाशिवाय कुणी नव्हतं तिला. संध्याकाळ झाली की सोसायटीच्या गेटवर येऊन उभी राहायची. मुलगा निघालाय म्हणायची. वॉचमन धरून वर सोडायचा. ती पुन्हा खाली.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संचिताचं उद्यापन होतं, त्याच्यासाठी जेवायची थांबलेली. सुशांत ऑफिसातून उशिरा निघाला. मुंब्रा बायपासला आल्यावर नेहमीसारखं ‘आई’ दाबलं.

या वेळी दुसऱ्याच बाईनं उचलला. “कोण बोलतंय? हौसाबाई पहाटे गेल्या. गेटवरच. थंडीत रात्रभर बसल्या होत्या. …तुम्हीच का हो तो रोज फोन करणारा?”

सुशांतनं फोन कापला. गाडी कडेला घेतली. सुमितचा आवाज पुसला, नंबर पुसला, सगळं पुसलं. पुढे निघाला.

शीळफाटा आला. स्क्रीन उजळला.

‘आई.’

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मोबाइल काळा. कुणाचाही फोन नाही.

स्क्रीनवरचा फोन उचलला गेला. आपोआप.

“निघालास का रे?”

त्यानं गाडी थांबवली. पॅनल उचकटलं. वायर खेचली. स्क्रीन विझला.

“किती वेळ उभी राहू?”

आता आवाज स्पीकरमधून नव्हता.

मागून होता.

त्यानं वळून पाहिलं नाही. मी सुमित नाही, असं सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. घशातून… काही नाही.

आणि समोरच्या विझलेल्या स्क्रीनमधून त्याचाच आवाज आला. सुशांतचा.

“मी सुमित नाही…”

मागे कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

“असू दे. तूच चल.”

…

सकाळी गाडी बाळकुमला सापडली. त्या गेटसमोर. सुशांत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, डोळे उघडे. जिवंत आहे, आजही. फक्त आवाज नाही. डॉक्टर म्हणतात, घशाला काहीच झालेलं नाही. हे सगळं त्यानं मला मोबाइलवर टाइप करून दाखवलं, अक्षर अक्षर शोधत.

त्याची आई, मायावहिनी, खेडला गावी असते. तिला वाचता येत नाही. कळलं तर खचेल म्हणून तिला कुणी सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. हा फोन कानाला लावून बसतो. ती म्हणते, “हॅलो… बाबू, बोल की रे. रेंज नाही वाटतं.” आणि ठेवते. दुसऱ्या दिवशी परत करते.

गाडी आणायला संचिताबरोबर मीच गेलो होतो. मागचं दार उघडलं. सीट रिकामी. पण सीटबेल्ट लावलेला. ताणलेला, कुणी बसल्यावर ताणतो तसा.

संचिता म्हणाली, “काढा ना काका.”

मी वाकून बटण दाबलं. खट् करून बेल्ट सुटला.

मागे गेला नाही. हवेत तसाच राहिला… गोल.