भागीरथाबाईचा डबा

बसा, बसा. संत्र्याची राखण का पळून चालली? बारा वाजेपर्यंत या धुऱ्यावर कोणी फिरकत नाही, अन् फिरकला तर मी आहे. श्याम, तो मोबाइल खिशात ठेव, डोळ्यावर उजेड येते. योगेश, थंडी वाजून राहिली तर माह्यं घोंगडं घे. पण मधात मधात बोलायचं नाही. बोलला का मी उठलो अन् घरी गेलो.

आपल्या शेजारच्या गावचा गोवर्धन तुमाले माहीत आहे. एर्टिगा चालवते तो. दारू नाही, बिडी नाही. खोटं बोलाले गेला तर कान लाल होतात त्याचे. त्यानं सांगितलं म्हणून मी मानलं, नाही तर असल्या गोष्टीले मी हसत असतो.

यंदाची कोजागिरी. सहा ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी गोवर्धनले फोन आला. "अकोल्यात आहे मी. सत्कार आठले संपते. गाडी घेऊन ये. गावाले जायचं आहे, सकाळी वापस अमरावतीले सोड." फोन कोणाचा? दामिनीचा. हो रे, तीच, तुमच्या मोबाइलवर दिसते ती. दिल्लीले मोठं बक्षीस भेटलं ते तिलेच. एका पिक्चरचे घेते तेवढ्यात म्हणतात हा सारा बगीचा विकत येईन, वर विहीर फुकट.

पण मी तिले पाह्यलं आहे ते निराळंच. तिची माय भागीरथाबाई, फुलवाली. बाप लवकर गेला. माय झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन मोर्शीच्या बसस्टँडवर बसे, अन् हे पोट्टी तिच्या बाजूले बसून हार ओवे अन् येणाऱ्या-जाणाऱ्याची नक्कल करे. कंडक्टरची करे, तहसीलदाराच्या बायकोची करे. लोकं हसून हसून हार घेत. मंग अमरावतीले कॉलेजात नाटक, मंग मुंबई. सहा वर्षं तिकडे भांडे घासले तिनं लोकाचे, कोणाले सांगितलं नाही. अन् मंग एकदम उजेड पडला.

गोवर्धन तिच्याच गल्लीतला, तिच्याच वर्गातला. त्या दोघांत एक जुनी गोष्ट होती. ते पयले ऐका, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

भुलाबाई तर तुमाले माहीत आहे. कोजागिरीपर्यंत महिनाभर तिची मूर्ती मांडून पोट्ट्या घरोघरी गाणे म्हणतात, अन् गाणे झाले का घरची बाई झाकणाचा डबा आणते, वाजवून दाखवते. आत खाऊ कोणता ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. कोणाकडे अनारसे, कोणाकडे करंज्या. भागीरथाबाईकडे दरसाल फुटाणे. दुसरं काही परवडेच नाही. दामिनी अकरा वर्षाची होती त्या साली मायनं डबा नुसता उचलला, अन् खिडकीतून गोवर्धन बोंबलला, "फुटाणे! फुटाणे!" साऱ्या पोट्ट्या खदाखदा हसल्या. दामिनी उठून न्हाणीत जाऊन बसली. त्या रात्री तिनं मायले म्हटलं, "पुढं असा खाऊ कर का कोणाले ओळखताच आला नाही पाहिजे. फुटाणे केले तर मी घरात राहणार नाही." माय म्हणे, "बरं."

गोवर्धनले त्या हसण्याची लाज आयुष्यभर पुरली. म्हणून म्हाताऱ्या भागीरथाबाईचं तोच पाहे. दवाखाना, औषधं, सारं. दामिनी पैसे पाठवे. माय पैशाले हात लावे नाही, फ्लॅट घेऊन दिला तर जाये नाही. तिचं मागणं एकच. दर कोजागिरीले गोवर्धनकडून फोन लावून घेये, फोनजवळ डबा वाजवे अन् म्हणे, "ओळख." तिकडून दामिनी शूटिंगमधून म्हणे, "बेसनाचे लाडू? रेवड्या?" माय हसे. "नाही. येऊन ओळख."

डब्यात काय असे ते गोवर्धनले माहीत होतं. पण म्हातारीनं त्याले सांगून ठेवलं होतं, "तू एकदा तोंड उघडलं होतं, आता नको उघडू. तिलेच ओळखू दे." त्यानं भुलाबाईसमोर हात ठेवून कबूल केलं होतं.

मागच्या सालच्या कोजागिरीले फोन लावला तर दामिनी म्हणे, "माय, तूच सांगून टाक ना. मले टाइम नाही." अन् फोन कट. म्हातारी डबा हातात धरून गंज वेळ तशीच बसली. चार दिवसांनी गेली. दामिनी आली, अग्नी दिला अन् संध्याकाळी निघाली. पण जाता जाता कुलपाले हात लावून रडली म्हणे, "ते ओळखायचं राहून गेलं, गोवर्धन." त्यानं कबूल केलेलं पाळलं, किल्ली खिशात टाकली.

आता या. साडेआठले अकोल्याहून गाडी निघाली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. दामिनी मागं बसून एकच बोलली, "माय म्हणे ना, येऊन ओळख. आज मी आली आहे." गोवर्धनले वाटलं, दुःख आहे, बोलून राहिली. मोर्शी टाकली तेव्हा साडेअकरा. आतल्या रस्त्यानं सात किलोमीटर. चांदणं असं पडलं होतं का हेडलाइट बंद केली तरी चाले. गावात दूध आटवणं झालं होतं, लोकं झोपले होते.

घराचं कुलूप गोवर्धननंच उघडलं. वर्षभराची धूळ. चूल थंड, राखसुद्धा नाही. ती म्हणे, "तू बाहेर थांब. मी जरासक बसते." दार लोटून घेतलं.

तो ओट्यावर बसला. बारा वाजून दहा मिनिटं. मोबाइलवर पाह्यलं त्यानं.

अन् आतून आवाज आला.

डबा वाजला.

गोवर्धन म्हणे, "मले वाटलं, तिनंच फळीवरून काढला असन." मंग दामिनी आतून हसली. म्हणे, "अगं... शंकरपाळे?"

डबा वाजला. नाही.

"चिरोटे? ... खोबऱ्याच्या वड्या?"

पुन्हा वाजला. आता जरा जोरानं.

गोवर्धन ओट्यावरून उठला. कारण दामिनी दाराजवळून बोलून राहिली होती, अन् डबा तिकडे... चुलीजवळून वाजून राहिला होता.

तो हाक मारणार, तर त्याले दुसरंच ऐकू आलं. तिचा आवाज. मुंबईचा तो घासलेला आवाज, तो जाऊन राहिला होता. "खाजे आहे का, माय?" आता तो कॉलेजातल्या पोरीचा. "गुळपापडी होय?" आता त्याच्याही आधीचा. बारीक. हट्टी. दर खाऊले आवाज लहान, लहान होत चालला.

त्यानं दार ढकललं. दार हललं नाही. कडी आतून लावली नव्हती, तरी हललं नाही.

मंग तो खिडकीकडे गेला. तीच खिडकी. पंचवीस वर्षं त्यानं तिथून आत पाह्यलं नव्हतं.

चांदणं आत पडलं होतं. जमिनीवर कोणी बसलं होतं, पाठमोरं. दोन वेण्या... लाल फिती. अकरा वर्षाची पोट्टी. तिच्यासमोर डबा. डबा वर-खाली होऊन राहिला होता. धरणारं... दिसत नव्हतं.

"दामिनी!"

पोट्टीनं मान वळवली नाही. म्हणे, "ओळखल्याशिवाय मी नाही उठत, माय. आता कुठीच नाही जात. आता इथंच राहते."

डबा थांबला. एकदम थांबला. आतला अंधार जसा तिच्याजवळ सरकला.

गोवर्धनले कळलं. हे उठणार नाही. सकाळी इथं कोणी राहणार नाही, ना बाई ना पोट्टी. एक शब्द त्याच्या जिभेवर होता. त्यानं म्हटला असता तर सुटली असती. पण त्याच शब्दानं तर ती पयल्यांदा पळाली होती... अन् भुलाबाईसमोर हात ठेवला होता त्यानं.

गजाले कपाळ लावून तो रडाले लागला बावा, खरंच रडाले लागला. म्हणे, "दामिनी, मी चुकलो होतो. लय चुकलो होतो. मी नाही सांगत. पण तुले माहीत आहे. पयल्या आवाजाले तुले माहीत झालं होतं. दरसाल माहीत होतं. म्हण ना, बाई. त्यात लाज कशाची? त्याच्यावरच तर मोठी झाली तू."

मंग... हळूच... डबा एकदा वाजला. खळ्ळ.

अन् पोट्टी म्हणे, "... फुटाणे."

झाकण उघडल्याचा आवाज आला. बस्स. दार आपोआप उघडलं.

बाहेर आली ती दामिनीच. छत्तीस वर्षाची, डोळे सुजलेले, एक मूठ घट्ट मिटलेली. घड्याळात बारा चाळीस. गोवर्धननं मोबाइलचा टॉर्च मारून आत पाह्यलं. फळीवर डबा होता, धूळ खात, झाकण लावलेला. त्याच्याभोवती धुळीवर एक रेघ नाही. चूल थंड.

चार वाजेपर्यंत ती ओट्यावरच बसली, मंग गाडी अमरावतीले निघाली. हॉटेलसमोर उतरली, पहाट होऊन राहिली होती. मूठ उघडली. गोवर्धनचा हात धरून त्यात अर्धे टाकले. म्हणे, "माय म्हणते, गोवर्धनले दे. यंदा त्यानं तोंड उघडलं नाही."

मोठा माणूस, पण रस्त्यावर बसून गेला तो. हातात भाजून राहिले होते ते, आत्ताच कढईतून काढल्यासारखे.

आता तुमी म्हणाल, नत्थुजी, रचून सांगून राहिले. म्हणा. गोवर्धननं त्यातले दोन मले दिले होते. तेव्हापासून या चंचीत आहेत, सुपारीजवळ. हात पुढं कर, श्याम. अरे कर ना, खात नाही ते तुले.

... काहून मागं घेतला?

धर नीट. दोन महिने होऊन गेले त्याले.