दोन सूत डावीकडे

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटा शेडमध्ये गेला तो फक्त चेनला तेल द्यायला. वय चोपन्न, डोक्यावर केस नावाला, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली होती. पण थोरला गेला म्हणून धाकट्याला बढती मिळत नाही.

शेडमध्ये एरंडेलाचा वास भरून राहिला होता. जुन्या धाटणीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना शर्यतीच्या वेळी एरंडेल तेल लागतं, आणि तो जळका, गोडसर वास कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, जेवताना घासातसुद्धा येतो. मधोमध स्टँडवर मोटरसायकल उभी होती. थोरल्याच्या गाडीची हुबेहूब नक्कल. तसंच एका सिलिंडरचं इंजिन, तशीच बुटकी टाकी, तसाच वर वळलेला सायलेन्सर. चिखल-उंचवट्यांच्या त्या शर्यतीत आता खऱ्या जुन्या गाड्या कोणी उतरवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून नकला चालतात. अट एकच, फ्रेमचं माप मूळ फ्रेमशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

मूळ फ्रेम घरातच होती. बावीस वर्षं शेडच्या भिंतीवर लटकत होती. धाकट्याने ती उतरवली, तिच्याभोवती लोखंडी साचा बांधला आणि त्या साच्यात नळ्या बसवून नवी फ्रेम वेल्ड केली. त्याचं चुकलं ते इथे. ही फ्रेम थोरला पडला त्याच गाडीची होती आणि पडताना तिची हँडलकडची मान दोन सूत, म्हणजे पाव इंच, डावीकडे गेली होती. अर्थात धाकटा काही नवशिका नव्हता. आधी त्याने तापवून, दाबून ती सरळ केली होती, ओळंबा लावून दोनदा तपासली होती, आणि मगच साचा बांधला होता.

नवी फ्रेम साच्यातून निघाली ती दोन सूत डावीकडे.

त्याने साचा सोडला, पुन्हा बांधला. दुसरी फ्रेम दोन सूत डावीकडे. तिसरीही तशीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे तर सुंभही नवा होता. शेवटी कंटाळून त्याने तिसऱ्याच फ्रेमवर गाडी उभी केली. तपासणीला आलेल्या पंचांनी माप घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "मूळ फ्रेमशी जराही फरक नाही. शाबास!"

तो चेनला तेल देत असताना लेक आली. सव्वीस वर्षांची, खांद्याने रुंद, बोलायला फटकळ. शर्यत जोडीची होती: गाडी एक, स्वार दोन. पहिल्यापासून चालवायची लेकीने, आणि गरज पडली तर पुढे बापाने.

"बाबा, ही गाडी ओढते."

"कुठे ओढते?"

"डावीकडे. सगळीकडे नाही हो. मोठ्या उंचवट्यापलीकडच्या वळणावरच. कोणीतरी हँडल धरून... ओढावं तसं."

"तुझे हात कच्चे आहेत."

"माझे हात?" ती हसली. मग तिचं हसू मावळलं. "बाबा, काका तिथेच गेले ना?"

"हो."

"लगेच गेले?"

"जागच्या जागी. त्याला काही कळलंही नसेल."

हे वाक्य त्याने बावीस वर्षं इतक्यांदा उच्चारलं होतं की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. खोटं बोल पण रेटून बोल, हे त्याला चांगलं जमलं होतं.

खरं असं होतं. त्या दिवशी धुकं होतं आणि थोरला पहिल्या नंबरवर होता. दोन फेऱ्या राहिल्या असताना तो वळणावर पडला आणि गाडी त्याच्या मांडीवर आली. धाकटा धावत पोचला तेव्हा थोरला शुद्धीवर होता. मांडीतून रक्त उसळत होतं आणि त्याने एका हाताने गाडीचा फुटरेस्ट घट्ट धरला होता. "मला दाब इथे... दाबून धर," तो म्हणाला. आसपास कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे दुसरा स्वार गाडी कुठेही ताब्यात घेऊ शकत होता. धाकट्याने भावाची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी शेवटी सुटली. "दोनच फेऱ्या, दादा. आलोच," म्हणाला आणि किक मारली. पहिल्या फेरीला थोरल्याने हात वर केला. दुसऱ्या फेरीला केला नाही. करंडक आजही दिवाणखान्यात आहे.

आता लेकीला गाडीवरून उतरवायचं तर हे सांगावं लागणार होतं. नुसतं 'नको' म्हटल्याने ती ऐकणाऱ्यातली नव्हती; ती बापावर गेली होती. आणि सांगितलं असतं, तर ती पुन्हा त्याचं तोंड पाहणार नव्हती. धाकट्याने लेकीचा जीव एका पारड्यात टाकला, आपली अब्रू दुसऱ्यात, आणि चेनवरचं जास्तीचं तेल फडक्याने पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. पंचांनी शर्यत थांबवावी असं त्याला मनापासून वाटलं, पण जुन्या शर्यतीत धुक्याने कोणी थांबत नाही. तो वळणावर जाऊन उभा राहिला. पायाजवळचा चिखल सोडला तर दिसत काही नव्हतं, कानच काय ते कामाचे. लांबून त्या एका सिलिंडरचे जड, सुटे सुटे ठोके यायचे, उंचवट्यावर क्षणभर थांबायचे, गाडी हवेत असायची... मग खाली आपटल्याचा धप्प आवाज. प्रत्येक फेरीला लेक पहिल्या नंबरवर होती. आणि प्रत्येक फेरीला तिच्या चाकाची चाकोरी आधीपेक्षा वीतभर डावीकडे पडत होती. चिखलात त्या चाकोऱ्या एकापलीकडे एक ओळीने उमटल्या होत्या, सगळ्या एकाच जागेकडे सरकणाऱ्या.

"उजवीकडे घे!" तो ओरडला. धुक्याने आवाज गिळला.

दोन फेऱ्या राहिल्या असताना ती पडली.

तो पोचला तेव्हा गाडी तिच्या मांडीवर होती आणि इंजिन चालूच होतं. आडवी पडलेली गाडी बंद पडायला हवी होती. ही एका लयीत ठोके देत होती, वाट पाहत असल्यासारखी. त्याने गाडी उचलली. खालून रक्ताची चिळकांडी उडाली.

"बाबा... दाबून धरा ना इथे..."

मागून दुसऱ्या नंबरच्या गाडीचा आवाज येत होता. अजून दूर होता. धाकट्याने लेकीकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. पुढे त्याने मनाशी म्हणून पाहिलं की आपल्याला झपाटलं होतं, आपण नव्हतोच ते. पण खोटं कशाला बोला? हात त्याचेच होते.

"मागून येतील कोणीतरी. मी आलोच," तो म्हणाला आणि गेला.

गाडी सुतासारखी सरळ पळाली. कुठेही ओढली नाही. पहिल्या फेरीला वळणावर त्याला धुक्यात लेकीशेजारी कोणीतरी गुडघ्यावर बसलेलं दिसलं. पाठमोरं. दोन्ही हात तिच्या मांडीवर दाबून धरलेले. चला, आलं कोणीतरी, म्हणून त्याला केवढं हायसं वाटलं! दुसऱ्या फेरीला त्या माणसाने मागे न पाहताच एक हात उचलला आणि 'जा, जा' अशी खूण केली. धाकटा गेला. पहिला आला.

उतरला तो, कोणीतरी गळ्यात घातलेल्या हारासकट, थेट ॲम्ब्युलन्सकडे धावला. तिची मागची दारं अजून उघडी होती. आत स्ट्रेचरवर लेक पट्ट्यांनी जखडलेली, पांढरीफटक, पण डोळे उघडे. शेजारचं बाक रिकामं होतं. ती त्या बाकाकडे मान करून काहीतरी ऐकत होती आणि मधूनमधून 'हं' म्हणत होती. ॲम्ब्युलन्सवाला खाली उभा राहून कागदावर लिहीत होता.

"जगेल ना?" धाकट्याने विचारलं.

"जगेल. मुख्य रक्तवाहिनी तुटली होती, पण त्यांनी हलू दिलं नाही बोट. दोन मिनिटं जरी सोडलं असतं तर..." त्याने मान हलवली. "तुम्ही कोण?"

"मी बाप तिचा. मला बसू द्या आत."

ॲम्ब्युलन्सवाल्याने त्याच्या चिखलाने भरलेल्या हेल्मेटकडे आणि गळ्यातल्या हाराकडे पाहिलं.

"चेष्टा करता का राव? सोबत एकालाच बसता येतं. तिचे वडील बसलेत आधीच."

धाकट्याने आत पाहिलं. लेकीने सावकाश मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. तिला आता सगळं सांगून झालेलं होतं, हे त्याला त्या नजरेतच कळलं.

"पोरी..." तो म्हणाला.

तिचे दोन्ही हात पट्ट्यांखाली होते. ॲम्ब्युलन्सवाला धाकट्याच्या शेजारीच उभा होता, कागद हातात धरून. आणि ॲम्ब्युलन्सची दारं, आधी एक, मग दुसरं, आतून ओढून कोणीतरी लावून घेतली.