बंद खात्यावरून आलेला फॉर्म

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आतेबहीण. आम्ही तिला ताई म्हणतो.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते.

हे घडलं भर दुपारी. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत.

ताई औषधांच्या गोदामात ऑफिस सांभाळते. तिच्या टेबलामागे भिंत, भिंतीपलीकडे कोल्ड रूम. त्याआधी पंधरा दिवस तिथेच, गोदामातच कामाला असलेली तिची जिवलग मैत्रीण गारठून गेली. दार बाहेरून लागलं, आणि आतून उघडायचा खटका आधीच बिघडलेला.

तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती बंदच व्हायची नाही.

चौकशीसाठी साहेबांनी ताईला फॉर्म करायला सांगितला. तो मेलने पाठवायचा. ज्याने त्याने कॉम्प्युटरवरच रकाने भरून बटण दाबायचं, की भरलेला फॉर्म ताईच्या मेलवर परत. ते सगळे गोळा करून तिने एक तक्ता करायचा. खरा प्रश्न एकच होता. खटका बिघडल्याची तक्रार आधी कुणी केली होती का?

"सगळ्यांचं उत्तर 'नाही' असंच आलं पाहिजे," साहेब म्हणाले. "तुमचंही. नाहीतर तक्रारी कुणाकडे आल्या होत्या, ते निघेल. मग पहिल्या तुम्ही जाल."

तक्रारी ताईकडेच आल्या होत्या. रेडिओने तीन मेल केले होते. दोन ताईने साहेबांकडे पाठवले.

तिसरा तिने उघडलासुद्धा नव्हता.

इकडे रेडिओची आई रोज गेटवर येऊन एवढंच म्हणायची, "माझी पोर निष्काळजी नव्हती हो."

ताईने स्वतःचा फॉर्म भरला. 'नाही.'

मग घाईघाईत तिने मेल धाडला तो जुन्याच यादीवर. माणसं बारा. तेरावं नाव काढायचं राहून गेलं.

ऑफिस रिकामं झालं. पहिलं उत्तर आलं...

रेडिओच्या मेलवरून.

ताईचं डोकंच फिरलं. ही काय थट्टा! तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"ताई, ते खातं मी तेव्हाच बंद केलंय. तिथे मेल पोचणारच नाही, तर उत्तर कुठून येणार?"

तिने फॉर्म उघडला.

पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता... नुसता आवाज नव्हता.

रकान्यात लिहिलं होतं, "होय गं. तीनदा. तुलाच तर कळवलं होतं."

ही ओळ तक्त्यात गेली असती, तर त्या माऊलीची पोर निर्दोष ठरली असती. आणि ताईची नोकरी गेली असती.

ताईने फॉर्म डिलीट केला.

मेलेल्या मैत्रिणीचंही तोंड दाबलं तिने. माझी बहीण असली म्हणून मी वेगळं कशाला बोलू?

दोन मिनिटांत तो परत आला...

"काढलास? तू?"

बोटांखालचा कीबोर्ड बर्फासारखा गार पडला होता. ताईने तोही काढला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा सगळे रकाने कोरे. फक्त शेवटचा भरलेला. 'आणखी काही सांगायचं आहे का?'

"आतून मी तुलाच हाका मारत होते. तुझ्या टेबलामागच्या भिंतीवर ठोकत होते. म्हटलं, बाकी कुणी नाही आलं तरी तू येशील."

आणि पाठीमागच्या भिंतीवर...

ठक.

ठक.

ताई पर्स तिथेच टाकून पळाली.

पण दुसऱ्या दिवशी तक्ता तिनेच पाठवला. बारा ओळी, बारा 'नाही'. चौकशी मिटली. रेडिओच्या नावावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला.

कॉम्प्युटरवाल्याने नंतर ताईचा मेल उलटापालटा करून पाहिला. असे फॉर्म आल्याची खूणसुद्धा नव्हती.

हे सगळं तिने मला मागच्या महिन्यात सांगितलं. मी समजूत घातली, "भास असेल गं. मन खात होतं, म्हणून ठोके ऐकू आले."



"त्या दिवशीही आले होते," ती म्हणाली. "ती आत होती तेव्हा. मला वाटलं, माल उतरवतायत."

खरंच तसं वाटलं होतं का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. अजूनही रेटत नाही.