फक्कीची खोली

"आई, आता बघा हं… हे तुमचं!"

सुनेने पेन्सिलचं टोक कागदावर टेकवलं आणि टेबलाभोवतीच्या साऱ्या माना तिकडे वळल्या. डोंगरातल्या नव्या घराचा नकाशा टेबलभर पसरला होता. त्याचे कोपरे पुन्हा गुंडाळले जाऊ नयेत म्हणून एका टोकाला चष्म्याचं घर आणि दुसऱ्या टोकाला फुलदाणी ठेवली होती. चहाचा ट्रे हातात घेऊन सासू मघापासून तशीच उभी होती, कारण त्या कागदावरच्या घराने ट्रेपुरतीही जागा टेबलावर शिल्लक ठेवली नव्हती!

"काय आहे गं ते?" तिने विचारलं.

"तुमचं स्वयंपाकघर! अख्ख्या घरातली सगळ्यात सुंदर खिडकी मी तिथे दिलीय, आई. ओट्याशी उभं राहिलं की समोर थेट डोंगर. आणि ही लहान खिडकी व्हरांड्यात उघडते. चहा हातोहात बाहेर देता येईल. तुमच्या किती फेऱ्या वाचतील!"

"चैन आहे बाई तुझी, वहिनी!" नणंद म्हणाली. "आम्ही जन्मभर भिंतीकडे तोंड करून भाजी परतली. तू डोंगराकडे बघत परतशील!"

सगळे हसले. तीही हसली. हसताना तिच्या हातातल्या कपबशा मात्र बारीक किणकिणल्या… ते कुणाला ऐकू आलं नाही.

"आयुष्यभर राबली ती," नवरा म्हणाला. "आता तिने आराम करायचा. हे घर मी तिच्यासाठीच बांधतोय."

अशा माणसाला काय सांगायचं? त्याच्या बोलण्यात खोट असती तर भांडता तरी आलं असतं! पण तो मनापासून बोलत होता, सून मनापासून रेघा ओढत होती, आणि एवढ्या सगळ्यांच्या प्रेमाखाली तिचा जीव मात्र गुदमरत चालला होता.

एके काळी ती बालवर्गाची बाई होती. पोरांच्या चिमुकल्या मुठीवर आपला हात ठेवून ती त्यांना पहिली रेघ काढायला शिकवायची. "उभी रेघ म्हणजे झाड, आडवी रेघ म्हणजे त्याची सावली. घाई नाही, हं…" मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. नवऱ्याची फिरतीची नोकरी, मुलगा लहान. वर्षभर रजा घेते, पुढच्या वर्षी जाईन, असं म्हणून तिने शाळेच्या कपाटाची किल्ली परत केली आणि ते पुढचं वर्ष दर वर्षी पुढेच सरकत राहिलं. तिने तक्रार केली नाही. सासूबाईंचं सगळं अगदी शेवटच्या श्वासापर्यंत तिने मायेने केलं. आता त्या गेल्या होत्या, घर शांत झालं होतं, आणि तिला एवढंच वाटत होतं की कुठेतरी डोळे मिटून पडावं आणि कुणी हाक मारू नये… आणि नेमकं तेव्हाच तिच्यापुढे दुसरं स्वयंपाकघर येऊन उभं राहिलं होतं!

रविवारी सगळे जागेवर आखणी बघायला गेले. उतारावरच्या त्या मोकळ्या तुकड्यावर वारा भणाणत होता. मिस्त्रीने खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या होत्या. डब्यातून चुन्याची फक्की सोडत तो दोरीच्या कडेने पांढऱ्या रेघा काढत होता. बघता बघता कागदावरचं घर गवतावर उतरलं.

"एवढंसंच?" नवऱ्याचा चेहरा पडला.

"जमिनीवर सगळीच घरं लहान दिसतात, साहेब. भिंती चढल्या की मोठी होतात."

तेवढ्यात भिंगरीने टाळ्या वाजवल्या. ही तिची नात. एका जागी कधी स्थिर राहत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. "सगळ्यांनी आपापल्या खोलीत जा! मी पाहुणी येणार!"

झालं, एकच पळापळ उडाली. नणंदेने पाहुण्यांची खोली पटकावली आणि "माझी खोली लहान का रे?" म्हणून भाच्याशी वाद उकरला. मुलगा फक्की ओलांडून भिंतीतूनच आत शिरला तशी त्याची बायको ओरडली, "अहो, दाराने या! भुतं येतात तशी भिंतीतून!" नवरा सगळ्यात मोठ्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भिंगरी हवेतल्या हवेत दारं ठोठावत, विचारपूस करत पुढे आली… आणि थबकली.

"आजी, तू इथे काय करतेस? हे स्वयंपाकघर आहे. तुझी खोली कुठाय?"

"अगं, आजीची खोली हीच की! आमच्या दोघांची!" आजोबांनी हाक दिली.

"मग आजी तिथे का उभी आहे?"

तिने खाली पाहिलं. तिला कुणी पाठवलं नव्हतं, कुणी हात धरून आणलं नव्हतं… पाय आपणहून इथे आले होते, जिथे ओटा होणार त्याच्यासमोर!

"सवय गं, सवय!" नवरा हसला, पण ते हसू अर्ध्यावरच अडखळलं.

"आणि वहिनी, तिथे आहेसच तर," नणंदेच्या मनात काहीच वाकडं नव्हतं, "त्या पिशवीतला थर्मास काढ ना. घसा सुकला वाऱ्याने."

पिशवी तिच्या पायाशीच होती. ती सवयीने वाकली. पण हात पिशवीपर्यंत पोचलाच नाही. ती सावकाश सरळ झाली.

"मी नाही देणार," ती इतक्या हळू म्हणाली की आधी कुणाला कळलंच नाही. "मला हे घर नको."

"म्हणजे? अगं, तुझ्यासाठी बांधतोय मी!"

"माहितीय हो. म्हणून तर आजवर बोलवेना… पण एक घर आवरता आवरता माझं आयुष्य गेलं, आणि तुम्ही मला बक्षीस म्हणून दुसरं घर देताय! तेही आवरायलाच! खिडकीतून डोंगर दाखवलात म्हणून भांडी कमी घासावी लागतात का? मी दमलेय… फार दमलेय!"

सुनेच्या हातातली नकाशाची गुंडाळी खाली पडली. "आई, मी किती वेळा विचारलं तुम्हाला, काय हवं म्हणून…"

"विचारलंस गं. तुझा दोष नाही. काय हवं असं कुणी विचारलं की मला आधी दुसऱ्यांचंच आठवतं. माझं मला सुचतच नाही, बघ!"

"नाही, आई, दोष माझाच आहे." सुनेचे डोळे वाहू लागले. "मी तुमच्या फेऱ्या वाचवत बसले… त्या फेऱ्या तुम्हीच का घालायच्या, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही!"

पांढऱ्या रेघा ओलांडत नवरा आला आणि पिशवीपाशी बसला. थर्मासचं झाकण कुठल्या बाजूने फिरतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. खटपट करून त्याने कप भरला, अर्धा गवतावर सांडला, आणि साखरेची डबी उघडून विचारलं, "एक चमचा ना गं तुला?"

"मी साखर घेत नाही… कितीतरी वर्षं झाली."

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं जिच्या हातचा चहा प्यायला, तिचा चहा कसा असतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं! "मला माफ कर," तो म्हणाला आणि बिनसाखरेचा कप त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. तिने कप घेतला. दोघांचेही डोळे भरले होते.

नणंदेने पुढे होऊन बाकीच्यांचे कप भरायला घेतले.

सुनेने डोळे पुसले, मिस्त्रीकडून फक्कीचा डबा मागून घेतला आणि सासूच्या हाती दिला. "तुमची खोली तुम्हीच आखा, आई. कुठेही. घर मी तिच्याभोवती बसवीन."

"मला कुठे येतंय ते?"

"सोप्पंय आजी!" भिंगरी धावत आली आणि तिने आपला चिमुकला हात आजीच्या मुठीवर ठेवला. "उभी रेघ, आडवी रेघ. घाई नाही, हं…"

भिंगरीला पाटीवर रेघ काढायला शिकवताना ती म्हणायची, ते तिचेच शब्द! तिला हसू फुटलं आणि रडूही. ती चालत पार कडेला गेली, जिथे एक मोठा खडक वारा अडवत होता. पहिली रेघ वाकडीतिकडी गेली. दुसरी थोडी बरी आली. तिसरीला मात्र बालवर्गाच्या बाईचा हात परत आला. चौथी रेघ पहिलीला नीट जाऊन मिळाली. जेमतेम एक खाट मावेल एवढीच खोली! तिने डबा बाहेर ठेवला, अंगावरची शाल अंथरली आणि ती कुशीवर आडवी झाली.

"आजी, दार राहिलं!" भिंगरी ओरडली. "दारच नाही काढलंस तू! आता आत कसं यायचं?"

"राहू दे गं…" डोळे न उघडताच ती म्हणाली. "थोडा वेळ राहू दे."

भिंगरी काहीतरी बोलणार होती, पण आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग ते रेघेबाहेर, फक्की पुसणार नाही इतक्या बेताने, गवतावर बसले आणि तिला जाग येईपर्यंत कुणालाही तिकडे फिरकू न देता बसून राहिले.