तिसरं मूल्य

लाइट येईपर्यंत सांगते. कंदील जरा इकडं सरकवा.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी संगणकाचं काम बघते. पेशंटच्या मोबाइलवर रिपोर्टची लिंक जाते. त्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर दोन मूल्यं असतात, पेशंटचा नंबर आणि तपासणीची तारीख. ती वेगळी काढून योग्य रिपोर्ट दाखवायचा, एवढंच माझ्या कोडचं काम.

एप्रिलमधल्या एका दुपारी केम गावच्या मीनाबाईंचा रिपोर्ट उघडेना. मी त्यांच्या लिंकमधली सगळी मूल्यं स्क्रीनवर काढून पाहिली. दोनाऐवजी तीन आली. तिसऱ्याचं नाव 'शेवट'. त्यापुढं त्याच दिवसाची तारीख, बारा पन्नास. मी असलं काही लिहिलंच नव्हतं.

तेवढ्यात शुभदा सिस्टर आत आल्या.

"मीनाबाईंचा रिपोर्ट राहू दे गं... गेल्या त्या. बारा पन्नासला."

मी जुन्या लिंका चाळल्या. अकरा जणांपुढं 'शेवट' होतं. अकराही जण आपापल्या लिंकमध्ये दिलेल्या मिनिटालाच गेलेले. खोलीत फिनेलचा वास दाटला होता. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

माझे वडील, दादा, त्याच दवाखान्यात होते. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. मी त्यांची लिंक हातानं टाइप केली. फक्त नंबर आणि तारीख, बाकी एक अक्षर नाही. कोड चालवला.

तीन मूल्यं आली. चार दहा.

घड्याळात चारला पाच कमी होते. मी जिन्यानं धावत सुटले.

दादा मोसंबी सोलत बसले होते. "काय गं बुद्धप्रिया, एवढी धाप का लागली?"

"दादा, बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय? उद्या घरी जायचंय की."

मी डॉक्टरांना ओढतच आणलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली. "ठणठणीत आहेत," म्हणाले. मी दादांचा हात घट्ट धरून बसले.

चार दहाला दादांनी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"व्हय..." ते हळूच म्हणाले. "आलो..."

हात जड झाला. डॉक्टर अर्धा तास झटले. काही उपयोग झाला नाही.

पुढं मी सगळा कोड पुसून नव्यानं लिहिला. तरी रोज एकदा दादांचा नंबर टाकून बघते. 'शेवट' आता येत नाही. त्या जागी 'सोबत' असं नाव येतं, आणि त्यापुढं मूल्य रिकामं.

काल तिथं एक अक्षर उमटलंय. 'बु'.