शुक्रवारचा कंदील

भाऊ जाऊन आठवडाही झाला नव्हता. रात्रीची जेवणं उरकली की गडबमधले शेजारी आमच्या ओसरीवर येऊन बसत. बोलायला फारसं काही नसे. आतल्या खोलीत, भावाने जिथे शेवटचा श्वास घेतला तिथे, दिवा तेवत असे आणि त्यात तेल घालायला वहिनी अधूनमधून उठत असे. एका रात्री भावाच्या मुलीने, समीक्षाने, शेजारच्या काळुरामकाकांना सरळच विचारलं, गेलेलं माणूस परत येतं का. तिचा धाकटा भाऊ ऋत्विक हातातला मोबाइल पालथा ठेवून ऐकू लागला.

काकांनी तंबाखूची चिमूट परत डबीत टाकली.

"सगळ्यांचं मला ठाऊक नाय, पोरी," ते म्हणाले. "हरेशचं काय झालं ते सांगतो. अर्धं त्याने मला सांगितलं. अर्धं मी बघितलं."

त्यांनी सांगितलं तसंच लिहितो आहे.

हरेश इथलाच, मिठागरात काम करणाऱ्या दत्तूचा मुलगा. लग्नानंतर जोह्याला गेला आणि तिथल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागला. हात चांगला होता. पुढे स्वतःचा छोटा टेम्पो घेतला आणि मूर्ती पोचवायचं कामही करू लागला. २०१९ सालच्या तीस ऑगस्टला त्याला रोह्याला मूर्ती न्यायच्या होत्या. शुक्रवार होता, पिठोरी अमावास्या. सोमवारी गणपती बसायचे होते. पावसाळी हवेत रंग वाळायला वेळ लागला, म्हणून निघायला रात्र झाली. बायको नम्रता आईच्या आजारपणासाठी रोह्यालाच होती. तिने फोनवर सांगितलं, अमावास्या आहे, सकाळी निघा. हरेश म्हणाला, गिऱ्हाईक सकाळी दारात उभं राहील, त्याला काय अमावास्या दाखवू? नऊ वर्षांची मृणाली आईकडे जायचं म्हणून हट्ट धरून शेजारी बसली होती. मागे भाताच्या पेंढ्यात मूर्ती उभ्या होत्या, तोंडावर कागद बांधलेल्या.

पेण मागे पडलं, गडब आलं, आणि पुढे खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. पुलावर एक टँकर आडवा झाला होता. सकाळपर्यंत काही हलणार नाही, असं पुढून पायी येणारे लोक सांगत होते. मृणाली पेंगत होती. तेवढ्यात हरेशला जुना पूल आठवला.

आता त्या जुन्या पुलाचं सांगायला हवं, काका म्हणाले. तुम्ही त्याला पूल म्हणून बघितलेलाच नाही. आधी तिथे होडी होती. पेणचा माणूस रोह्याला जायचा तो होडीवाल्याला हाका मारून. मग दगडी कमानींचा पूल बांधला, पण बुटका. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी त्याच्यावरून जायचं. म्हणून पुलाच्या तोंडाशी एक खोपटं होतं आणि त्यात राखणदार. त्याच्या हातात कंदील. कंदील वरखाली हलला तर या, आडवा हलला तर थांबा. पेण-रोह्याचा प्रत्येक ड्रायव्हर ही खूण ओळखायचा.

शेवटचा राखणदार सामाजी, कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. गावात त्या लोकांना शनवार तेली म्हणत. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते घाणा जुंपत नसत. शुक्रवारी सूर्य बुडला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत सामाजी विस्तवाला हात लावत नसे. चूल नाही, विडी नाही, कंदील नाही. मग शुक्रवारची रात्र शेजारच्या दत्तूने सांभाळायची, असं दोघांत ठरलेलं होतं. हाच दत्तू, हरेशचा बाप. दत्तूच्या उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं, बांधावरच्या उघाडीची, म्हणजे पाणी अडवायच्या दाराची, फळी पडून गेलेलं. तशा हाताने तो कंदिलाची काच अशी पुसायचा की एस्थर, सामाजीची बायको, म्हणायची, माझ्यापेक्षा तूच बरी पुसतोस. शुक्रवारी दुपारीच सामाजी काडेपेटी दत्तूकडे देऊन टाकायचा. रोजची सवय, चुकून हात जाऊ नये म्हणून.

एका शुक्रवारी दत्तू जिते गावी एका लग्नाच्या हळदीला गेला. संध्याकाळच्या गाडीने परत येतो म्हणाला. तिथे बसला, प्याला, आणि राहिला. काडेपेटी त्याच्या खिशात.

सामाजी वाट बघत राहिला. सूर्य बुडला. रात्री उधाण आलं. पाणी पुलावर चढलं, आणि समोरून जीपचे दिवे दिसले. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ, म्हणजे हा शनिवारचा नेम, मोडावा, असं त्यांच्यातच सांगतात. सामाजीने मोडला असता. मोडायला काडी नव्हती. तो ओरडत पाण्यात गेला आणि हात पसरून रस्त्यात उभा राहिला. जीप थांबली. आतली माणसं वाचली. सामाजी पाण्याबरोबर गेला.

पुढे एस्थर मुलाला घेऊन इस्रायलला गेली. कंदील काकांच्या आईकडे ठेवून गेली. नवा उंच पूल झाला, राखणदाराचं काम संपलं. दत्तू त्यानंतर कधीही शुक्रवारी विडी पेटवताना दिसला नाही. कुणाशी त्यावर बोललाही नाही. हरेश तेव्हा पाळण्यात होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. गाव दत्तूसमोर गप्प राहिलं, आणि दत्तू वारल्यावर बोलायचं कशाला?

जुन्या पुलावरून पुढेही सायकली जायच्या, मिठागराच्या बाया जायच्या. आदल्या वर्षी हरेशने स्वतः तिथून टेम्पो नेला होता. पण २०१९च्या पावसाळ्यात पुलाची मधली कमान पडली. गावाने तोंडाशी पिंपं लावली होती. जोह्याला राहणाऱ्या हरेशला हे कोण सांगणार? आणि त्या रात्रीच्या उधाणाने पिंपं कधीच वाहून नेली होती.

हरेशने टेम्पो वळवला. बांधावरचा रस्ता. पाऊस थांबलेला. दोन्ही बाजूंना पाणी, काळं आणि भरलेलं. पुलाजवळ आला तर पाणी पुलावर चढलेलं. घोट्याएवढंच असेल, त्याने मनात म्हटलं. लहानपणी अशा पाण्यातून तो शाळेत गेला होता. त्याने गिअर बदलला आणि टेम्पो पुलावर घातला.

दिव्यांच्या उजेडात एक माणूस उभा होता.

हात पसरून. मधोमध.

हरेशने ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. दिवे पिवळे झाले... मग तेही गेले.

काळोख. पाण्याचा आवाज. मृणाली झोपेत कण्हली आणि पुन्हा गप्प झाली.

हरेश खाली उतरला. पाणी गार होतं. म्हातारा जवळ आला. पावलांचा आवाज नव्हता. सदऱ्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, ते थांबत नव्हतं.

"कोण हाय?" हरेशने विचारलं.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. हातात कंदील होता.

"लाव."

"तुम्हीच लावा की, बाबा."

"आज शुक्रवार हाय."

हरेशला काही कळलं नाही. पण टेम्पोतल्या गणपतीसमोर उदबत्ती लावायला काडेपेटी होती. त्याने ती आणली. काच वर केली. पहिली काडी विझली. दुसरी पेटली. वात धरली.

उजेडात म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. आधी हाताकडे. मग तोंडाकडे.

"दत्तूचा तू?"

"व्हय."

म्हाताऱ्याने पेटलेल्या वातीकडे बघितलं.

"उशीर केलास."

एवढंच म्हणाला. राग नव्हता आवाजात. हरेश पुढे काकांना म्हणाला, राग असता तर बरं झालं असतं.

म्हातारा वळला. पुलावरून चालू लागला. कंदील हलत होता... आडवा. थांब. थांब. हरेशला ती खूण माहीत नव्हती, तरी त्याचे पाय हलले नाहीत. उजेड पुढे गेला. आणखी पुढे. मग खाली उतरला.

विझला नाही.

पाण्याखाली तसाच पेटलेला... खाली... खाली. पिवळा ठिपका. पाण्याच्या आतून दिसणारा. तळाशी जाऊन तो आडवा हलत राहिला.

मग काही दिसेना.

हरेश केबिनमध्ये चढला, मृणालीला पोटाशी धरलं आणि बसून राहिला. पहाटे ओहोटी लागली. पाणी उतरलं. टेम्पोच्या पुढच्या चाकांपासून थोड्याच अंतरावर पूल संपत होता. खाली खडक, चिखल, पडलेल्या कमानीचे दगड. मृणाली उठली आणि म्हणाली, "बाबा, आपण पोचलो काय?"

तो तिथून सरळ काकांच्या अंगणात आला. काकांनी त्याला चहा दिला आणि आजवर कुणी न सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, कंदील कुठे आहे? काकांनी माळ्यावरून काढून दिला. त्याच्यावर धुळीचा थर होता. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

त्यानंतर हरेश दर शुक्रवारी जोह्याहून यायचा. सूर्य बुडायच्या आत जुन्या पुलाच्या तोंडाशी, कठड्याच्या खिळ्याला कंदील लावून जायचा. नम्रता पहिल्यांदा रागावली, मग तीच रॉकेल शोधून आणू लागली. कारखान्यातले लोक त्याला शनवार तेली म्हणून चिडवायचे. तो हसायचा. शनिवारी सकाळी काका कंदील विझवायचे आणि तिथेच ठेवायचे.

मग मार्च महिना आला. सगळं बंद झालं ते साल. पेणच्या नाक्यावर पोलीस, बस नाही, टेम्पो नाही. शुक्रवारी दुपारी हरेशचा फोन आला. मला सोडत नाहीत, काका, आज तुम्ही लावा. काकांना दोन दिवस ताप होता. तरी ते उठले, काठी घेतली, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथेच बसले. सूर्य बुडला. सुनेने त्यांना धरून आत नेलं.

"रात्री लघवीला उठलो," काका म्हणाले. "अंगणातून जुना पूल दिसतो. बघितलं तर..."

ते थांबले. ऋत्विक पुढे सरकला.

"पेटलेला होता."

उजाडल्यावर ते काठी टेकत गेले. वात जळून संपली होती, टाकी कोरडी. काच अजून कोमट. काचेवर आठवड्याची काजळी धरलेली होती. लावायच्या आधी ती कुणीतरी हाताने पुसायला घेतली होती, अर्धीच. बोटं काजळीत उमटली होती. एक अंगठा. एक बोट. मग मोकळी जागा. मग दोन बोटं.

काकांनी तिथूनच हरेशला फोन लावला. जे दिसत होतं ते सांगितलं.

"काच पुसलीत काय?" हरेशने विचारलं.

"नाय."

"नका पुसू."

काका बोलायचे थांबले. त्यांनी डबी उघडली, पुन्हा बंद केली. दुसरी काच घालून हरेश अजूनही येतो, म्हणाले. ही त्यांच्या फडताळात आहे, कापडात गुंडाळलेली. समीक्षाने हळूच विचारलं, बघायला मिळेल का. दिवसा ये, काका म्हणाले, उजेडात बघ.

आत वहिनी दिव्यात तेल घालायला उठली होती. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी समीक्षाबरोबर गेलो. काच बघितली. मोकळी जागा मधल्या बोटाचीच आहे.